साडेचारशेचा सेलेरॉन

मंगळवारी संध्याकाळी मी दादाला विचारलं, "वाचनालयाच्या मशीनमध्ये तू काय बसवलंस?" त्याने उत्तर दिलं नाही.

त्यानंतर आम्ही चार वर्षं एकाच घरात राहिलो. आईची औषधं, गॅसचा नंबर, दिवाळीची साफसफाई, सगळं चालू होतं. बोलणं बंद झालं नव्हतं. पण मी त्याच्याकडे तपासणाऱ्याच्या नजरेने पाहायचे आणि त्याला ते कळत होतं. मग एके दिवशी तो कारखान्यात काम करता करता खाली बसला आणि उठलाच नाही. दादाने माझ्या वाचनालयाला फसवलं होतं का, हा प्रश्न तसाच राहिला. हे लिहिते आहे ते त्या प्रश्नासाठी.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. डिप्लोमा करून सातपूरच्या एका कारखान्यात लागला, तिथे यंत्रांची विजेची बाजू सांभाळायचा. सकाळची पाळी संपवून दुपारी घरी आला की बाहेरच्या खोलीत लोकांसाठी संगणक जोडायचा. आमचं घर इंदिरानगरात, सगळ्यात वरच्या मजल्यावर. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत नाशकात कुणी दुकानात जाऊन टीव्हीसारखा संगणक उचलून आणत नसे. प्रत्येकाच्या ओळखीत एक माणूस असे. तो मुंबईहून सुटे भाग आणे, जोडून देई आणि बिघडलं की शिव्या खायला हजर राही. आमच्या भागातला तो माणूस म्हणजे दादा.

मी वाचनालयात नोकरीला होते. आमचं वाचनालय सकाळी उघडायचं, दुपारी बंद व्हायचं आणि पुन्हा संध्याकाळी उघडायचं. त्यामुळे दुपार माझी असे. ती मी वाचण्यात घालवते हे दादाने हेरलं आणि मला कामाला लावलं.

काम असं होतं. प्रत्येक प्रोसेसरवर, म्हणजे संगणकाची आकडेमोड करणाऱ्या चिपवर, कंपनीने त्याचा वेग मेगाहर्ट्झमध्ये छापलेला असतो. तीनशे म्हणजे तीनशे. पण कंपनी स्वतःला सांभाळून आकडा छापते. काही प्रोसेसर छापल्यापेक्षा कितीतरी जोरात पळू शकतात, फक्त तापतात. त्यांना तसं पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. दादा त्याला 'ताणणं' म्हणायचा. "बघू हा किती ताणला जातो." ताणलेलं मशीन भरवशाचं आहे का, हे कळायला ते तासन्‌तास पूर्ण जोराने चालवावं लागतं. मेच्या दुपारी आमच्या डोक्यावरचा स्लॅब असा तापायचा की हात लावला तर चटका बसे. तेव्हा दादा छताचा पंखा बंद करायचा, मशीनला एक लांबलचक गणित लावायचा आणि मला शेजारी बसवायचा. मी वाचत बसायचं आणि दर अर्ध्या तासाने तापमान लिहायचं.

"नाशकातली मेमधली दुपार, तीही पंख्याशिवाय," तो म्हणायचा, "यात जो चार तास टिकला तो कुठेही टिकेल."

"आणि मी टिकले नाही तर?"

"तुला कुणी ताणलंय? तू छापील वेगानेच चालतेस."

घाम पुसत मी त्या खोलीत कित्येक जाड कादंबऱ्या संपवल्या. आजही त्यातल्या एखादीचं पान उघडलं की समासात पेन्सिलीने लिहिलेले आकडे दिसतात: ४८, ५१, ५३.

मशीन दोन प्रकारे नापास व्हायचं. एकतर मध्येच थिजायचं, पडदा निळा पडायचा. ते मला आवडायचं, कारण ते सरळ होतं. दुसऱ्या प्रकारात ते चालत राहायचं, आवाज नाही, तक्रार नाही, फक्त गणिताचं उत्तर चुकायचं. खरं उत्तर आधी ठाऊक असल्याने आम्हाला ते सापडायचं. पण जिथे खरं उत्तर कुणालाच ठाऊक नाही, तिथे ते कोण पकडणार? दादा म्हणायचा, "बंद पडणारा परवडला. हा दुसरा हसत हसत गळा कापतो."

माझी आवडनिवड तिथे ठरली. दादाचीही.

दोघांनाही अजिबात न आवडलेला प्रोसेसर म्हणजे सत्त्याण्णवच्या आसपास हाती आलेला एक पेंटियम, एकशे सहासष्टचा. दादाने तो मुंबईच्या बाजारातून आणला होता. ताणायला घेतला तर तसूभर पुढे जाईना. ताणायचं राहू द्या, छापील वेगालाही दुपारच्या दुसऱ्या तासाला उत्तर चुकलं. दादाने तो उलटसुलट करून पाहिला, मग मला म्हणाला, "तुझं ते नखांचं रिमूव्हर आण."

नेलपॉलिश मी कधी लावलं नाही. रिमूव्हर मात्र घरात होतं, कारण जुन्या पुस्तकांवर लोकांनी चिकटवलेल्या लेबलांचा डिंक त्याने निघतो. दादाने कापूस भिजवून प्रोसेसरच्या पाठीवरून फिरवला. अक्षरं कापसावर आली. खाली घासल्याच्या रेघा होत्या आणि त्यांच्यामध्ये, अगदी पुसट, १३३. कुणीतरी हलका प्रोसेसर घासून त्याच्यावर वरचा आकडा छापला होता.

दादा त्या दिवशी जेवला नाही. "ताणण्यात पाप नाही," तो म्हणाला. "पण ताणून सांगायचं नाही? समोरचा त्याला जपणार कसा?"

त्याचं हे वाक्य मी त्याच्याविरुद्ध पुढे वापरणार होते, हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात आलेला एकही प्रोसेसर कापूस फिरवल्याशिवाय सॉकेटमध्ये गेला नाही. माझा स्वभाव आधीच संशयी, त्यात हा धंदा. दूधवाल्याच्या मापापासून नव्या पुस्तकाच्या पाठीवरच्या आवृत्तीच्या आकड्यापर्यंत सगळ्यावर मी मनातल्या मनात कापूस फिरवू लागले.

नावडते आणखीही होते. एका कंपनीच्या प्रोसेसरच्या नावात दोनशेचा आकडा होता आणि तो पळायचा दीडशेने. कंपनीचं म्हणणं, हा दीडशेने पळूनही दोनशेवाल्याइतकं काम करतो. दादा म्हणाला, "म्हणजे गुण पस्तीस, पण हुशारी साठाची." पहिला सेलेरॉनही आम्हाला आवडला नाही. त्यात कॅश नव्हती, म्हणजे लागणारी माहिती हाताशी ठेवायला प्रोसेसरच्या जवळ जागाच नव्हती. ताणला की सुसाट सुटायचा आणि काम मात्र पुढे सरकायचं नाही. आणि दोन हजार एकच्या सुमारास आलेले ते तापट पेंटियम फोर. त्यांना ताणण्याची गरजच नव्हती, जन्मतःच शंभर ताप.

आवडते मोजकेच. त्यात माझा म्हणजे ड्युरॉन. त्याच्या पाठीवर बारीक सोनेरी ठिपक्यांच्या जोड्या असत, मधून तोडलेल्या. त्या जोड्या पेन्सिलीच्या रेघेने सांधल्या की प्रोसेसरचं कुलूप उघडायचं आणि वेग आपल्या हाती यायचा. साधी शिसपेन्सिल, वाचनालयात मी तारखा लिहायचे तीच. दादाच्या हाताला कंप होता म्हणून रेघा मी मारायचे. भिंगाखाली चार रेघा, एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत. प्रोसेसरवर लिहिता येतं याचं मला फार अप्रूप होतं.

दादाचा आवडता सेलेरॉन ३००ए. पहिल्या सेलेरॉनचीच दुरुस्त आवृत्ती, यात कॅश होती. पोस्टकार्डाहून थोडी लांबट हिरवी पट्टी, खालच्या कडेला सोनेरी दात. छापील वेग तीनशे. हा बोर्डाच्या ठोक्याच्या साडेचार पट पळायचा; तो ठोका सहासष्टवरून शंभरवर नेला की थेट साडेचारशेवर जायचा. सगळेच जात नसत. दादाने पाच-सहा हाताळले असतील. त्यातला एक असा निघाला की मेमध्ये दुपारपासून रात्रीपर्यंत, चार नाही, नऊ तास पंख्याशिवाय चालला आणि एक उत्तर चुकलं नाही. दादाने तो विकायला काढलाच नाही. "हा घरचा," म्हणायचा.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. आजोबांच्या वेळी विळा, कोयता असायचा. दादाच्या वेळी पाटावर स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंगची बंदूक, मीटर आणि त्या वर्षी मनातून उतरले नव्हते तेवढे प्रोसेसर. घासलेल्या पेंटियमला पाटावर कधी जागा मिळाली नाही. आई हळदकुंकवाची ओली बोटं घेऊन बसली की दादाचा जीव वरखाली व्हायचा.

"आई, त्याला नको. त्याच्या खोक्याला लाव."

"मग पूजा कुणाची, खोक्याची?"

"आपण कळसाला हात जोडतो तेव्हा देव रागावतो का?"

"देव नाही रागवत. तू मात्र रागावतोस," म्हणून आई खोक्याला बोटं लावायची आणि वर चार अक्षता मुद्दाम पट्टीवर टाकायची. त्या तो चिमट्याने वेचत बसायचा.

दोन हजार सालच्या खंडेनवमीला ती हिरवी पट्टी पाटावर नव्हती.

"घरचा कुठाय?" मी विचारलं.

"गेला."

"कुठे?"

"नोकरीला लागला," दादा म्हणाला आणि हसला. मला वाटलं, विकला शेवटी. वाईट वाटलं, पण मी विषय सोडून दिला.

त्याच्या आदल्याच पंधरवड्यात वाचनालयाला संगणक मिळाला होता. कार्यकारिणीला दादाचं नाव मीच सुचवलं होतं. आमचे ग्रंथपाल, त्यांना सगळेच काका म्हणत, मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "तुझ्या शब्दावर चाललोय हं." दादाने मशीन आणून बसवलं तेव्हा मी दुसऱ्या खोलीत मासिकं लावत होते. मी विचारलं, "किती आहे?" तो म्हणाला, "साडेचारशे." सुरू करताना पडद्यावरही क्षणभर तेच उमटायचं, सेलेरॉन आणि ४५०. मी रोज ते पाहत होते आणि कंपनीने आता छापील साडेचारशेचाही काढला असेल असं धरून चालले होते.

मग मी यादी करायला बसले. नऊ हजारांच्या वर पुस्तकं. प्रत्येकाचं एक कार्ड लाकडी खणात होतं. नोकरीला लागल्यावर पहिल्या दोन वर्षांत जुन्या वह्यांवरून ती सगळी कार्डं मीच नव्याने लिहून काढली होती. आता त्या कार्डांवरून मशीनमध्ये उतरवायचं: नाव, लेखक, दाखल क्रमांक, कपाट, फळी. जवळजवळ दोन वर्षं लागली.

यादी पूर्ण झाली त्याच महिन्यात एका वाचकाने एक प्रवासवर्णन मागितलं. यादीतल्या दाखल क्रमांकाचं पुस्तक काढलं तर ते पाकशास्त्र निघालं. प्रवासवर्णन शोधून काढलं तर त्याच्या पाठीवर ६४१२, यादीत ६८१२. माझ्या हातून असं होत नाही, हा माझा पहिला विचार होता. मी फळ्या तपासायला घेतल्या. पंधरा दिवसांत अशा अकरा नोंदी सापडल्या. अकराही ठिकाणी एखादाच आकडा किंवा एखादंच अक्षर बदललेलं. बाकी सगळं शिस्तीत. बंद न पडणारी, तक्रार न करणारी चूक. ही जात मला ओळखीची होती.

त्याच आठवड्यात जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात एक संगणकाचं मासिक हाती लागलं. त्यात सेलेरॉनच्या सगळ्या वेगांचं कोष्टक होतं. चारशे. चारशे तेहतीस. त्यानंतर एकदम चारशे सहासष्ट. मी बोट ठेवून तीनदा वाचलं. टेबलावरच्या मशीनसाठी साडेचारशेचा सेलेरॉन कंपनीने कधी काढलाच नव्हता. दोन वर्षं मी रोज सकाळी पडद्यावर एक खोटा आकडा वाचत होते आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसत होते.

मंगळवारी वाचनालयाला सुट्टी असे. संध्याकाळी दादा जमिनीवर बसून एक पंखा खोलत होता, तेव्हा मी तो प्रश्न विचारला. स्क्रूड्रायव्हर थांबला.

"का? बंद पडलं का?"

"नाही. मी विचारलं ते सांग."

"चालतंय ना?"

"अकरा नोंदी चुकल्यात."

"नऊ हजारांत अकरा," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. "आता काय, इन्स्पेक्टरीणबाई, कापूस घेऊन मलाच घासणार?"

"साडेचारशेचा सेलेरॉन नसतो, दादा. ताणण्यात पाप नाही, पण ताणून सांगायचं नाही, असं कोण म्हणालं होतं?"

तो उठला. हात धुतले. आई आतून म्हणाली, "आधी जेवा, मग काय ते भांडा." तो जेवला, ताट उचललं आणि गच्चीत गेला.

त्यानंतर त्याने दुपारी मला मशीन देणं बंद केलं. छताचा पंखा चालू असायचा, मी वाचत असायचे आणि शेजारी काही तापत नसायचं. मी पुन्हा विचारलं नाही. का नाही, याचं उत्तर मी स्वतःला बरीच वर्षं दिलं नाही. वाचनालयातल्या त्या खोक्याचे मागचे चार स्क्रू माझ्या खुर्चीपासून हातभर अंतरावर होते. उघडायला पाच मिनिटं लागली असती. मी उघडलं नाही. आत तीनशेचा निघाला असता, तर दादा खोटारडा ठरला असता, आणि त्याच्याच घरात रोज जेवायला बसायचं होतं मला.

उघडलं नाही, पण पाळत सोडली नाही. रविवारी सकाळी तो वाचनालयात यायचा, पेपर वाचायला. घरी पेपर येत असताना. मी कपाटाआडून पाहायचे. पेपर चाळून झाला की तो सहज फिरत मशीनच्या मागे जायचा आणि गरम हवा बाहेर पडते तिथे तळहात धरून उभा राहायचा. गुन्हेगार जागेवर परत येतो असं म्हणतात, ते मला तेव्हा पटलं.

चार वर्षं अशी गेली. मग तो गेला.

दहाव्याला रामकुंडावर चुलतभावाने विधी केले. पिंड ठेवला आणि दोन मिनिटांत कावळा शिवला. बायका म्हणाल्या, "बघ, काही इच्छा राहिली नव्हती त्याची." मी मान हलवली, पण माझा विश्वास बसला नाही. रामकुंडावरचे कावळे दिवसभर तेच काम करतात, ते कुणाच्याही पिंडाला शिवतात. नापास होण्याची शक्यताच नसेल तर त्या चाचणीला काय अर्थ? हे मला दादानेच शिकवलं होतं.

भेटायला माणसं येत होती. त्यात दादाने ज्यांना मशीनं जोडून दिली ते बरेच होते. सतरंजीवर बसायचे, मग आपल्या मशीनबद्दल बोलायचे. त्यांना दुसरं काय बोलायचं ते सुचत नसावं. मखमलाबादकडचे एक शेतकरी आले. शेवंती आणि गुलाब करतात, पहाटे बाजारात आणतात. मुलीच्या कॉलेजसाठी त्यांनी दादाकडून मशीन घेतलं होतं.

"दादा बोलले व्हते," ते आईला सांगू लागले, "ह्यो बैल ताकदीपरीस जास्त वढतो हाय, याला गारव्यात ठेवा. मंग मी काय केलं, पाठीमागं वलं गोणपाट लावलं. फुलांच्या पाट्यांवर टाकतो ना, तसं. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचो."

"कॉम्प्युटरवर?" आईने विचारलं.

"गोणपाटावर वो. पर झिरपतंय ना! दोन म्हयन्यांत आतून लालेलाल गंज. दादा आले, उघडून बघितलं आन्‌ कपाळावर हात मारून खालीच बसले. म्हनले, मामा, तुमच्या मशीनला आता कळ्या येतील."

आई हसली. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा.

मी मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडले होते. "त्याने तुम्हाला आधीच सांगितलं होतं? ताणलंय म्हणून?"

"आधी म्हंजे? सांगितल्याबिगर कसं देतील? सही घेतली व्हती माझी. खोक्याच्या आत, पत्र्यावर. म्हनले, मामा, तुम्हाला ठाव हाय आन्‌ मला ठाव हाय, आता भांडन नाय."

मला हे कधीच कळलं नव्हतं. चाचणी माझ्याकडे होती, पोचवायला तो एकटा जायचा. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला मी विचारलं. पत्रिका छापणाऱ्याला, क्लासवाल्या बाईंना, वरच्या गल्लीतल्या बँकेतल्या गृहस्थांना. सगळ्यांची सही होती. कुणी हसून सांगितलं, कुणी माझ्याकडे चमकून पाहत. घरात सुतक असताना ही बाई काय विचारत बसली आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

राहिलं वाचनालय. ते मशीन वर्षापूर्वीच कार्यकारिणीने बदललं होतं आणि जुनं भंगारात दिलं होतं. त्या दिवशी मी रजेवर होते.

काका तेराव्यानंतर आले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, जिना चढताना तीनदा थांबले. पाणी प्यायले. मी त्यांना स्थिर बसूही दिलं नाही.

"काका, वाचनालयाच्या मशीनमध्ये तुमची सही होती का?"

"होती की," ते म्हणाले. "तुला आत्ता कुणी सांगितलं?"

"त्याने काय सांगून घेतली?"

"अगं, मला काय कळतंय त्यातलं! आपल्याला जेवढे पैसे मंजूर झाले होते त्यात साधंच मशीन येत होतं. तो म्हणाला, माझ्याकडचा सगळ्यात चांगला आहे तो बसवतो, पण ताणलेला आहे. चुकला तर मी जबाबदार. रविवारचा येऊन हात लावून जात जाईन."

"आणि मला का नाही सांगितलं?"

काकांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी विचारलं त्याला. म्हणाला, तिला सांगू नका. घरी तापमान लिहिते तेवढं पुरे. तिथे तरी तिला पुस्तकं बघू द्या."

आईने पदर डोळ्यांना लावला. मला रडू आलं नाही. भेटायला आलेला माणूस गेलेल्याबद्दल बरं तेवढंच बोलतो. ते खोटं नसतं, पण कापूस फिरवायच्या लायकीचंही नसतं. दादाचं बोलणं काकांनी इतक्या वर्षांनी शब्दन्‌शब्द लक्षात ठेवलं होतं, हे मला जरा जास्तच नीटनेटकं वाटलं.

"सही कुठे केली होती?" मी विचारलं.

"आत. पत्र्यावर."

"डावीकडे की उजवीकडे?"

काकांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाले, "बाळ, तू वकील व्हायला हवी होतीस. तुझ्या भावाने का नाही सांगितलं, ते आत्ता समजलं मला."

ते गेल्यावर आई पाण्याचा पेला उचलून आत गेली. 

दुसऱ्या आठवड्यात मी कामावर रुजू झाले. दुपारी वाचनालय बंद झाल्यावर किल्ल्या मागून घेतल्या आणि आतच थांबले. त्या अकरा नोंदींची यादी माझ्याकडे होती. तेव्हा मी पडद्यावरची नोंद फळीवरच्या पुस्तकाशी ताडून पाहिली होती. मधली एक पायरी मी गाळली होती. ज्या कार्डावरून मी टाइप केलं, ते कार्ड मी पाहिलंच नव्हतं. ते माझ्या हातचं होतं, सुवाच्य, शाईने लिहिलेलं. त्याच्यावर संशय घ्यायचं मला सुचलं नव्हतं. दूधवाल्यावर घेतला, बाजारावर घेतला, दादावर घेतला.

खण उघडून मी एकेक कार्ड काढलं. पहिलंच, प्रवासवर्णनाचं. माझ्या अक्षरात ६८१२. मशीनने मी दिलं तेच ठेवलं होतं.

मी खुर्चीत बसले. थोड्या वेळाने उरलेली दहा काढली. त्यातली सहा तशीच निघाली. चूक आधी कार्डावर होती, मशीन यायच्या कित्येक वर्षं आधी, माझ्या हातची. अकरापैकी सात माझ्या.

चार उरल्या. त्यांची कार्डं बरोबर आहेत, यादी चुकीची आहे. पुन्हा पुन्हा पाहिलं. एका ठिकाणी चाराचा पाच झाला आहे, दुसरीकडे एक वेलांटी दीर्घ झाली आहे, तिसरीकडे आणि चौथीकडे फळीचा आकडा वेगळा. बोट घसरूनही असं होतं आणि तापलेल्या प्रोसेसरमुळेही होतं. दादा असता तर त्याने माझ्याकडून पुन्हा तेवढीच कार्डं टाइप करून घेतली असती आणि पंखा बंद करून शेजारी बसला असता.

खोकं भंगारात वितळलं असेल. काका पुढच्या हिवाळ्यात गेले. आईला यातलं काही विचारलं की ती म्हणते, "त्याला नको घासूस आता."

यादी आता तिसऱ्या मशीनवर आहे. सात नोंदी मी दुरुस्त केल्या. चार, कुणाच्या ते ठरत नाही, त्या चुकीच्याच ठेवल्या आहेत. ती पुस्तकं कुठे आहेत ते मला पाठ आहे, कुणी मागितली तर मी उठून आणून देते.